पाटल्यांची पावती

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आई पहिल्यांदा माझ्याकडे नेदरलँड्सला आली, तेव्हा तिच्या बॅगेत दोन किलो साजूक तूप होतं. घरी कढवलेलं. स्टीलचा डबा, त्यावर प्लास्टिक, त्यावर टॉवेल आणि सगळ्यावरून बाबांची जुनी लुंगी. तिथल्या विमानतळावर हिरव्या मार्गिकेतून बाहेर पडताना एका बाईंनी बॅग उघडायला लावली आणि तूप काढून घेतलं. युरोपियन संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, जनावरांचे रोग पसरतात म्हणून. मी फोनवर हे आईला सांगितलं होतं. "तूप म्हणजे काय दूध आहे का?" हा तिचा मुद्दा होता. कढवलेल्या लोण्यात कसला रोग उरतो हे तिला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

पण त्या बाईंनी आईच्या हातातल्या पाटल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार तोळ्यांच्या दोन पाटल्या, शिवाय गळ्यात मंगळसूत्र. त्यांना त्या दिसल्या असणारच. लुंगी सोडवताना त्या पाटल्याच खणखणत होत्या.

जानेवारीत मी आईला पोचवायला म्हणून सोबत आले. आपल्याकडच्या एका विमानतळावर (नाव सांगण्यात अर्थ नाही, कुठेही झालं असतं) सामान घेऊन निघालो, तर एका अधिकाऱ्याने आईला बाजूला बोलावलं. "काकू, किती दिवस होता बाहेर?" "तीन महिने." "हे सोनं कधी घेतलं?" "लग्नातलं आहे." "पावती?"

पस्तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पाटल्यांची पावती कुणाकडे असते? मग दुसरा प्रश्न आला, "जाताना एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं होतं का?" हा शब्द आम्ही दोघींनी आयुष्यात प्रथमच ऐकला. अंगावरचं सोनं घेऊन परदेशी जाताना ते निघण्यापूर्वी कस्टम्सला दाखवून त्याचा दाखला घ्यायचा असतो, म्हणजे परत येताना ते 'आयात' ठरत नाही. सांगितलं कुणीच नव्हतं. विचारलंही आम्ही नव्हतं.

दोन तास बसलो. तो माणूस उद्धट नव्हता. आईला त्याने खुर्ची दिली, पाणीही आणून दिलं. शेवटी दादाने घरी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला आणि सप्तपदीच्या फोटोचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर पाठवला. अधिकाऱ्याने दोन बोटांनी तो मोठा केला, एकदा फोनकडे बघितलं, एकदा आईच्या मनगटाकडे. पाटल्यांवरची नक्षी जुळली. "पुढच्या वेळी सर्टिफिकेट घ्या," म्हणाला आणि सोडलं. गाडीत बसल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चोरासारखं बसवलं मला."

माझं काम एका बिलिंग सिस्टिममध्ये नियम कोडमध्ये उतरवण्याचं आहे. त्यामुळे घरी पोचल्यावर मी चिडून आधी नियम वाचायला घेतला. २०१६ चे 'बॅगेज रूल्स'. त्यात तेव्हा दागिन्यांची सवलत होती: पुरुषाला २० ग्रॅम आणि ५०,००० रुपयांपर्यंत, बाईला ४० ग्रॅम आणि १ लाख रुपयांपर्यंत. वजन आणि किंमत, दोन्ही अटी एकदम पाळायच्या. त्या जानेवारीत दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांच्या पुढे होता. म्हणजे एक लाखात अठरा ग्रॅमसुद्धा बसत नव्हते आणि चाळीसचा आकडा नुसता शोभेचा होता. कोडमध्ये कुणी असा आकडा ठोकून ठेवला, तर रिव्ह्यूमध्ये आम्ही त्याला फैलावर घेतो. आणि ही सवलतही फक्त वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून आलेल्यांना. तीन महिन्यांच्या पाहुणीसाठी तेव्हा उरायची ती सगळ्या सामानाची मिळून ५०,००० रुपयांची साधारण सूट. पाटल्या विकत आणलेल्या धरल्या असत्या, तर त्यात जेमतेम नऊ ग्रॅम बसले असते आणि वरच्यावर प्रवासी सामानाचा कर, अधिभारासह ३८.५ टक्के.

हे वाचताना एक प्रश्न डोक्यात राहिला. परक्या देशाने आईचं सोनं बघितलंसुद्धा नाही, आणि आपल्या देशाने पावती मागितली. असं का?

याचं अर्धं उत्तर १९५४ सालच्या एका करारात आहे. त्या वर्षी ४ जूनला न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांच्या कस्टम्स सवलतींबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानेही तो स्वीकारला. असले दस्तावेज रुक्ष असतात, पण याची यादी मी दोनदा वाचली. पर्यटकाला सोबत काय काय बिनकराचं नेता येईल? एक कॅमेरा आणि त्यासोबत बारा काचा किंवा पाच रोल. एक छोटा सिनेकॅमेरा, दोन रिळं. एक दुर्बीण. हातात नेता येईल असं एक वाद्य. एक ग्रामोफोन आणि दहा रेकॉर्डी. एक रेडिओ, एक टाइपरायटर, एक बाबागाडी, एक तंबू. पुढच्या कलमात २०० सिगारेटी किंवा ५० सिगार किंवा २५० ग्रॅम तंबाखू, वाइनची एक बाटली, पाव लिटर दारू, थोडं अत्तर. युद्धातून नुकत्याच सावरलेल्या जगाने सुट्टीवर निघालेल्या माणसाची कल्पना कशी केली होती, ते या यादीत दिसतं. गळ्यात दुर्बीण, हातात टाइपरायटर आणि तंबूत बसून ऐकायला दहा रेकॉर्डी. तंबाखूचा तो २००–५०–२५० चा हिशेब तर आपल्या नियमांत २०१४ पर्यंत जसाच्या तसा होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने तो बरोबर निम्म्यावर आणला.

आणि या सगळ्या यादीत अगदी पहिलं नाव आहे 'वैयक्तिक दागिने'. वजनाची मर्यादा नाही, किमतीची नाही. अट इतकीच, की परत जाताना ते सोबत न्यायचे.

पण हा करार पर्यटकासाठी आहे, आणि पर्यटक कोण याची व्याख्या त्यात स्पष्ट आहे: जो आपल्या नेहमीच्या राहण्याच्या देशाहून वेगळ्या देशात जातो आणि तिथे चोवीस तासांहून कमी नाही, सहा महिन्यांहून जास्त नाही, असा राहतो तो. आई नेदरलँड्समध्ये पर्यटक होती. कोल्हापूरला परतताना नव्हती. म्हणजे तिच्या पाटल्यांना त्या कराराचं संरक्षण जगभर होतं, फक्त स्वतःच्या देशाच्या दारात नव्हतं. आपल्या दारात आपला कायदा, आणि आपल्या कायद्याला सोन्याबद्दल जे वाटतं ते फार जुनं आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारताने सोन्याची आयात जवळजवळ बंद केली. परकीय चलन तुटपुंजं होतं, ते यंत्रांसाठी आणि धान्यासाठी हवं होतं, दागिन्यांसाठी नाही. धोरण म्हणून त्यात चूक काढणं अवघड आहे. पण लग्नं थांबली नाहीत. जगात सोनं औंसाला ३५ डॉलर होतं. डॉलर ४.७६ रुपयांचा, त्या हिशेबाने दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. मुंबईच्या बाजारात १९६२ च्या सुमारास भाव त्याच्या दुपटीच्या आसपास होता. ही मधली फट म्हणजेच तस्करी. बाकी सगळं, दुबईची गलबतं, किनाऱ्यावरचे इशारे, 'दीवार'मधला बिल्ला, त्या फटीतून उगवलं.

वस्तू म्हणून या धंद्याचं एकक होतं दहा तोळ्यांचं बिस्किट, ११६.६४ ग्रॅमचं. युरोपातल्या शुद्धीकरण कारखान्यांत ते तोळ्यात ओतलं जायचं, कारण गिऱ्हाईक तोळ्यात मोजणारं होतं. कडा गोलसर, म्हणजे अंगाला टोचू नयेत. जाड कापडाच्या जाकिटाला कप्पे शिवून त्यात शंभर बिस्किटं भरायची: साडेअकरा किलोंहून जास्त सोनं अंगावर घेऊन माणूस सरळ चालत जाई.

याची किंमत रुपयांत चुकवली जात होती, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. त्या काळी कुवेत, बहारिन, कतार, आजची अमिरात, ओमान या सगळ्या भागात भारतीय रुपयाच चालायचा. सोन्याच्या बदल्यात तिकडे गेलेले रुपये बँकांमार्फत परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्याबदली पौंड मोजावे लागत. म्हणजे तस्करीचं बिल सरकारच भरत होतं! यावर १९५९ साली तोड निघाली, ती म्हणजे आखातासाठी वेगळ्या नोटा. रंग वेगळा, क्रमांकाच्या आधी 'झेड', आणि भारतात अचल. हज यात्रेकरूंसाठीही तशाच वेगळ्या नोटा छापल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तशी उरलेल्या आखातानेही बहुतेक आपापली चलनं धरली आणि या नोटा संग्राहकांच्या वहीत गेल्या.

कायद्याची बाजूही कडक होत गेली. समुद्री कस्टम्स कायद्यात १९५५ साली एक कलम घुसवलं, आजच्या १९६२ च्या कायद्यात ते १२३ क्रमांकाने बसलंय. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे उलट. तस्करीचा वाजवी संशय येऊन सोनं जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्याने सिद्ध करायचं. घड्याळांनाही हाच नियम आहे. आईला विचारलेल्या 'पावती?' या एका शब्दामागे हे कलम उभं होतं.

चीन युद्धानंतर तर सरकार थेट तिजोरीतच शिरलं. एकीकडे बायका संरक्षण निधीला बांगड्या काढून देत होत्या, दुसरीकडे सरकारने सुवर्ण रोखे काढले, साडेसहा टक्के व्याजाचे. भाव दिला तोच ५३ रुपये ५८ पैसे. बाजारात दुप्पट मिळत असताना तो कोण घेणार? मग जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही. बावीस कॅरटच्या सवयीच्या बाजारात हे म्हणजे पुरणपोळीत पुरण घालू नका म्हणण्यासारखं होतं. लोकांनी जुनं मोडलं, चोरून घडवलं, पण घडवलंच. मार बसला तो सोनारांना. पिढीजात कारागिरांचं काम बसलं, देशभर अनेक सोनारांनी जीव दिला. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली, पण १९६८ च्या कायद्याने बाकीचं नियंत्रण कायम केलं. सामान्य माणसाने दागिना बाळगावा, बिस्किट किंवा लगड बाळगू नये.

हा कायदा रद्द केला १९९० साली, राजापूरचे खासदार आणि तेव्हाचे अर्थमंत्री मधु दंडवते यांनी. सत्तावीस वर्षांच्या नियंत्रणाने ना तस्करी थांबली ना हौस, हे समाजवादी माणसाने मान्य करावं याचं मला कौतुक वाटतं. पुढच्याच वर्षी देश परकीय चलनाच्या काठावर आला. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण पाठवलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी मे महिन्यात वीस टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते सोनं सरकारने तस्करांकडून जप्त केलेलं होतं. ज्या बिस्किटांनी देशाचं परकीय चलन पळवल्याचा आरोप होता, त्यांनीच अडचणीत पहिलं चलन मिळवून दिलं.

१९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना सामानातून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली. अट एवढीच, की माफक कर परकीय चलनात भरायचा. फट बुजली आणि कप्प्यांच्या जाकिटांचा धंदा काही काळ बसला. २०१२–१३ मध्ये आयात कर दोन टक्क्यांवरून दहावर नेला, २०२२ च्या जुलैत पंधरावर, आणि फट पुन्हा उघडली. आता बिस्किटांऐवजी सोन्याची पेस्ट असते, कॅप्सूल असतात, माणसं ती पोटात घालून आणतात. आईला थांबवलं ते या पंधरा टक्क्यांच्या दिवसांत. तिच्या आधी त्या अधिकाऱ्याने त्या दिवशी कुणाकुणाच्या अंगावर काय पाहिलं असेल, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. २०२४ च्या जुलैत कर सहा टक्क्यांवर आला.

इथवर माझा निबंध तयार होता. निरपराध बाई, जुनाट संशय, कायद्याने गृहीत धरलेली चोरी. मग गेल्या वर्षी दिवाळीत फराळाला मामा आला. मामा १९८४ ते २००३ दुबईत एसी मेकॅनिक होता. मी मोठ्या आवेशात विमानतळाची गोष्ट सांगितली. तो चिवडा खात ऐकत होता. फोटोपाशी आले तेव्हा हसायला लागला.

"पावती कुठनं असणार? त्या दुबईच्याच आहेत."

१९८९, आईच्या लग्नाचं वर्ष. वडील नव्हते, सोनं करायचं ते मामानेच. त्याने दुबईत पाच तोळ्यांचा तुकडा घेतला, टाल्कम पावडरच्या डब्यात तळाशी घातला, वर पावडर भरली. डब्याचं झाकण कसं उचकटलं आणि परत कसं बसवलं, हेही त्याने मला करून दाखवलं. "लाल मार्गाने गेलो असतो तर लग्न रांगेतच लागलं असतं." कोल्हापुरात गुजरीतल्या ओळखीच्या सराफाने रात्री दुकान बंद करून तो आटवला. चार तोळ्यांच्या पाटल्या झाल्या, उरल्यात मंगळसूत्राच्या वाट्या आणि कानातली. पावतीचा विषयच नव्हता. सराफ तो तुकडा हातात घेऊन स्वतःच गुन्हेगार झाला होता. सुवर्ण नियंत्रण उठायला अजून वर्ष होतं.

म्हणजे त्या दिवशी विमानतळावर कायद्याने जो संशय घेतला तो खरा होता, चौतीस वर्षं उशिरा. मी आईकडे बघितलं. ती करंज्यांचा डबा बंद करत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी लग्नातल्या आहेत म्हटलं. नव्हत्या का लग्नातल्या?"

मामाला तस्कर म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि का म्हणू नये याचं धड कारणही देता येत नाही. त्याने दोन कायदे मोडले आणि तिसऱ्या माणसाकडून मोडून घेतले. त्याच वर्षांत साडेअकरा किलोंची जाकिटं घालून उतरणाऱ्यांशी त्याची तुलना केली तर त्याला राग येतो. "ते धंदा करायचे, मी बहिणीचं लग्न करत होतो." पण फट एकच होती आणि सगळे तिच्यातूनच आले. आई दोन तास त्या खुर्चीत बसली होती तेव्हा तिला अपमानाइतकीच भीतीही वाटत असणार, हे मला इतक्या उशिरा कळलं. गाडीत ती गप्प होती, त्याचा मी लावलेला अर्थ अर्धाच होता. 'चोरासारखं' हा शब्द तिने कुठून काढला, तेही.

डिसेंबरमध्ये माझं लग्न झालं आणि पाटल्या माझ्या हातात आल्या. मला त्या घेऊन परत जायचं होतं, आणि या वेळी सर्टिफिकेट काढायचंच होतं. त्यासाठी आधी मूल्यांकन करून घेतलेलं बरं, म्हणून आम्ही तिघं गुजरीत सरकारमान्य मूल्यांकनकाराकडे गेलो. त्याने पाटल्या तराजूवर ठेवल्या: ४६.१९० ग्रॅम. चार तोळ्यांतले साडेचार दशांश ग्रॅम आईच्या संसारात झिजले होते. मग मशीनखाली धरून शुद्धता बघितली आणि भिंगातून नक्षी.

"जुनं काम आहे. चांगलं आहे. कुठे घडवलं?"

"इथेच," आई म्हणाली.

"सोनं कुठलं?"

"लग्नातलं."

मामा दुकानातलं कॅलेंडर वाचत होता. त्या माणसाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं: जुने, वापरातील, खरेदीची पावती उपलब्ध नाही. खाली वजन, शुद्धता, किंमत, सही, शिक्का. फी घेतली आणि फीची पावती फाडून आईच्या हातात दिली. त्या पाटल्यांच्या निमित्ताने कुणी दिलेली ती पहिली पावती. आईने ती नीट वाचली, चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि मामाला म्हणाली, "चल, चहा घेऊ."